कॉफीची गाडी आणि गल्ल्याचा हिशेब

भोंगवलीच्या परिसरातून शिरवळच्या कारखान्यांत कामाला जाणारी मंडळी सकाळी रस्त्याकडेच्या गाडीवर चहा-कॉफी घेतात. अशी गाडी आपल्या घरातल्या कुणी टाकली की आठ दिवसांत कौतुक सुरू होते, "रोज तीन हजारांचा गल्ला आहे!"

माझ्या चुलतभावाची गाडीही अशीच जोरात होती. गल्ल्यातूनच घरचा बाजार, त्यातूनच पाहुण्यांचा आहेर. एक दिवस शेगडी बिघडली, तेव्हा दुरुस्तीला पैसे नव्हते. व्याजाने घेतले. त्या व्याजापायी वर्षभरात गाडी विकावी लागली. गिऱ्हाईक शेवटपर्यंत होते, हिशेब मात्र कधीच नव्हता.

आता आपण वहीवर बसू. समजा, दिवसाला १५ रुपयांचे २०० कप गेले. गल्ला ३,००० रुपये. दूध ९६०, कॉफी ४००, साखर ९०, गॅस २५०, कागदी कप १००. एकूण १,८०० रुपये. जागाभाडे व वीज २००. उरले १,०००. हा नफा का? नाही. नवरा-बायको दोघे पहाटेपासून राबतात. त्यांची मजुरी प्रत्येकी ४०० धरली तर ८०० गेले. राहिले २००. शेगडी, भांडी, गाडी रोज झिजतात. त्या झिजेचे ४० बाजूला काढा. खरा नफा १६० रुपये! घरखर्च मजुरीतून करावा, या १६० ला हात लावू नये. बहुतेक घरांत बायकोची मजुरी धरतच नाहीत. मग तोट्यातला धंदाही फायद्याचा वाटतो.

या कॉफीच्याच धंद्यात कामगारांनी घालून दिलेला एक धडा आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. पुढे देशभर शाखा झाल्या. १९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने त्या बंद करायला घेतल्या आणि कामगार रस्त्यावर आले. कामगार नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. १९५७ साली बेंगळुरूला पहिली संस्था झाली, त्याच वर्षी दिल्लीत कॉफी हाउस उघडले. कालचे वाढपी धंद्याचे मालक झाले.

सहकारी संस्थेला सगळा नफा वाटून खाता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. लाभांशही निबंधकांच्या मंजुरीवाचून १५ टक्क्यांवर देता येत नाही. वाईट दिवसांत संस्था तरावी, म्हणून हे बंधन आहे.

गाडीवाल्याला हे बंधन घालणारा निबंधक नाही. ते त्याने स्वतःच घालून घ्यायचे. १६० चा चौथा हिस्सा ४० रुपये. महिन्याचे २५ दिवस धंदा धरला तर १,००० रुपये, वर्षाचे १२,०००. दुसरी शेगडी, मोठे पातेले किंवा पावसाळ्यासाठी पक्के छप्पर यातून होईल. झिजेचे ४० मात्र वेगळेच ठेवावेत.

तेव्हा घरातली शिकती मुलगी असेल तर वही तिच्या हाती द्या. रोज रात्री तीन रकाने भरा: आले, गेले, उधारी. राखीव पैसे डब्यात न ठेवता पोस्टात किंवा बँकेत टाका. पुढच्या वेळी शेगडी बिघडली, तर सावकाराच्या दारात जायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.