भोकाचं प्रकरण

ऑफिसात नेटवर्कची केबल टाकायला इमारतीचे कुठले नियम लागतात, असं कुणी विचारलं की मी खुशीत येतो. हे उत्तर शोधायला लोक ज्या पानावर जातात, तिथं ते अर्धंच असतं.

आधी ओळखपरेड उरकून घेऊ. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे एनबीसी, पहिल्यांदा १९७० साली आली. मग १९८३, २००५ आणि २०१६. ती मुळात शिफारस, स्थानिक नियमावलीनं स्वीकारली की बंधन. अशा विकास नियमावल्या म्हणजे मुंबईत डीसीपीआर २०३४, उरलेल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी यूडीसीपीआर, शिवाय आग प्रतिबंधाचा २००६चा राज्य कायदा. झालं.

२०१६च्या एनबीसीत आठव्या भागात माहिती आणि दूरसंचार यंत्रणांसाठी वेगळा सहावा विभाग आला. कन्सल्टंट मंडळी थेट तिथं जातात आणि तिथंच थांबतात. मी म्हणतो, चौथा भाग उघडा: आग आणि जीवसुरक्षा. त्यात विजेच्या सोयींखाली एक कलम दडलेलं आहे. विजेच्या केबलच्या डक्टमधून पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या, टेलिफोन-इंटरकॉमच्या तारा किंवा दुसरी कुठलीही सेवा न्यायची नाही. आपली कॅट-सिक्स नेटवर्क केबल या शेवटच्या शब्दांत अलगद सापडते. तोच डक्ट प्रत्येक मजल्यावर न जळणाऱ्या मालानं बंद करायचा, आणि त्या बुजवणीनं डक्टइतकाच वेळ आगीला तोंड द्यायचं.

ही बुजवणी हा माझा जुना नाद. कुठल्याही इमारतीत गेलो की शाफ्टचं दार किलकिलं दिसतंय का ते बघतो. बरोबरचे लोक लिफ्टपाशी ताटकळतात. पुण्यातल्या एका चकचकीत ऑफिसात स्लॅबमधलं कोअर कटिंगचं भोक सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबून, वर पुट्टी फिरवून ‘बंद’ केलेलं पाहिलं. रंग मात्र सुरेख जुळवला होता.

असं भोक काय करू शकतं, ते १९७५ साली महिन्याभरात दोनदा दिसलं. २७ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात केबल पेटल्या आणि केबलच्या भोकांतून आग वरच्या मजल्यांवर चढली. सुमारे १,७०,००० फोन मुके झाले. जळत्या पीव्हीसीच्या विषारी धुरानं अग्निशमन जवानांचे हाल झाले. पुढं २२ मार्चला अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात कामगार भिंतीतल्या केबलच्या भोकाची बुजवणी तपासत होते. हवा गळते का, हे बघायला त्यांनी मेणबत्ती धरली! बुजवणी पॉलियुरेथेन फोमची. ज्योत आत ओढली गेली आणि तासन् तास चाललेल्या आगीत १,६००च्या आसपास केबल खराब झाल्या. इथं भोक बुजवलेलं होतं. बुजवायचा मालच पेट घेणारा होता.

थोडं विषयांतर करतो. अमेरिकेत फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीतून एसीची हवा परतत असेल, तर तिथं टाकायच्या केबलच्या आवरणावर सहसा सीएमपी ही अक्षरं असावी लागतात. या जातीच्या केबल साडेसात मीटर लांबीच्या बोगद्यात जाळून पाहतात. ज्योत दीड मीटरपलीकडे सरकली की नापास. २००२पासून तिथल्या विद्युत संहितेनं हाताला येणाऱ्या बेवारशी केबल काढून टाकणंही सक्तीचं केलं. हा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे ऑफिस बदलतं, जुन्या केबलची जटा छतातच राहते आणि नवा भाडेकरू तिच्यावर आपली भर घालतो. आपल्याकडे मागणी असते एलएसझेडएचची, म्हणजे कमी धूर आणि हॅलोजन नसलेल्या केबलची. सीएमपी आणि एलएसझेडएच या दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या: एकीचा भर आग पसरू न देण्यावर, दुसरीचा धुरानं माणूस गुदमरू न देण्यावर. एकीचा शिक्का दुसरीच्या जागी चालत नाही. आवरणावरची बारीक छपाई वाचावीच लागते.

आता माझं ठाम मत. केबलचे मीटर, जॅक, रॅक असं सगळं दरपत्रकात ओळीनं येतं. भोक कधीच येत नाही. ज्याचा दर नाही ते काम कंत्राटदार का करेल? म्हणून प्रत्येक भोकाला क्रमांक द्या, अग्निरोधक सीलंटचा दर वेगळा मांडा आणि बुजवलेल्या जागेचा फोटो बघितल्याशिवाय बिल पास करू नका.