विश्लेषण : विशीत विजेता, पुढे काय? गोल्फमध्ये लवकर मिळालेले यश का टिकत नाही?

धान घरात आले की वडसा (देसाईगंज) इथल्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत गर्दी सुरू होते. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या मंडई आणि शंकरपटांसाठी झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रयोग ठरतात. एखाद्या हंगामात नवा चेहरा गाजतो आणि सगळीकडून त्याचीच मागणी होते. पण पुढच्या हंगामातही तो गाजेल का, याची खात्री कोणालाच नसते. प्रयोग झाला तर मानधन, नाही तर घरी. हजारो मैल दूर, कोट्यवधींच्या बक्षिसांसाठी खेळणाऱ्या तरुण व्यावसायिक गोल्फपटूंचेही गणित याहून फार वेगळे नाही. विशीच्या आत जिंकणारे अनेक असतात, तिशीतही जिंकत राहणारे मोजकेच. असे का होते?

गोल्फपटूची कमाई कशी होते?

क्रिकेटपटूला मंडळाचा वार्षिक करार मिळतो, आयपीएलमध्ये बोली लागते. गोल्फपटूला पगार नसतो. मोठी स्पर्धा साधारणपणे चार दिवसांची, ७२ होलची. पहिल्या दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवर बहुतेक स्पर्धांत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे खेळाडू पुढे जातात. बाकीच्यांना त्या आठवड्याचे बक्षीस मिळत नाही. विमानाचे तिकीट, हॉटेल आणि कॅडीचा खर्च मात्र चुकत नाही.

त्यावर ‘कार्ड’ची टांगती तलवार असते. कार्ड म्हणजे त्या टूरवर वर्षभर खेळण्याचा हक्क. पीजीए टूरवर वर्षअखेरच्या गुणतालिकेतील पहिल्या १२५ जणांचे कार्ड राहत असे. २०२६च्या हंगामापासून ही संख्या १०० करण्यात आली आहे. स्पर्धा जिंकली तर साधारण दोन वर्षांची हमी मिळते. म्हणजे एका विजयाने उसंत मिळते, पण ती दोन वर्षांचीच.

लवकर चमकलेल्यांचे पुढे काय झाले?

टायगर वुड्स १९९७ मध्ये २१व्या वर्षी १२ फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकला आणि पुढे १५ प्रमुख अजिंक्यपदांपर्यंत पोहोचला. तेव्हापासून प्रत्येक गुणी मुलाला त्याच्याच मापाने मोजले जाते. पण टायगर हा अपवाद आहे, नियम नव्हे.

अमेरिकेच्याच टाय ट्रायॉनने २००१ मध्ये अवघ्या १७व्या वर्षी पीजीए टूरचे कार्ड मिळवले. मोठी प्रसिद्धी झाली, पण कार्ड टिकले नाही आणि टूरवर त्याला एकही स्पर्धा जिंकता आली नाही. जॉर्डन स्पीथने २०१५ मध्ये २१व्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकले. २०१७ मध्ये ब्रिटिश ओपनही त्याच्या नावावर झाले. त्यानंतर पुढच्या विजयासाठी त्याला २०२१च्या एप्रिलपर्यंत, जवळपास चार वर्षे थांबावे लागले. मिशेल वी सोळावा वाढदिवस होण्याआधीच व्यावसायिक झाली. एलपीजीए टूरवरचा तिचा पहिला विजय आला २००९ मध्ये आणि २०१४ मध्ये तिने यूएस ओपन जिंकले. मनगटाच्या दुखापतींनी मात्र तिची कारकीर्द सतत अडवली.

भारतीयांचा अनुभव काय सांगतो?

शुभंकर शर्मा किशोरवयातच व्यावसायिक झाला. डिसेंबर २०१७ मध्ये जोबर्ग ओपन आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये मलेशियात मेबँक चॅम्पियनशिप, अशा दोन मोठ्या स्पर्धा त्याने २१व्या वर्षी जिंकल्या. पाठोपाठ मेक्सिकोतील वर्ल्ड गोल्फ चॅम्पियनशिपमध्ये तीन दिवसांनंतर तो आघाडीवर होता. मास्टर्सचे खास निमंत्रण आले, पण तिथे कट हुकला. २०२३च्या ब्रिटिश ओपनमध्ये त्याने संयुक्त आठवे स्थान मिळवले. दर्जा दिसला, पण २०१८ सारखी विजयांची मालिका पुन्हा जुळली नाही.

पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा राहिला. चार दिवसांत २७०हून अधिक फटके आणि फरक एकाचा. पुण्याचाच उदयन माने देशांतर्गत टूरवर अनेक स्पर्धा जिंकून पुढे आला आणि अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यावर टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. देशात जिंकणे आणि जगात टिकणे यांतले अंतर तिथे दिसले.

बंगळूरुची अदिती अशोक १८व्या वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळली. त्याच वर्षी तिने महिला इंडियन ओपन जिंकून लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय होण्याचा मान मिळवला. २०१७ नंतर या टूरवरचा पुढचा विजय थेट २०२३ मध्ये आला. मधल्या काळात टोकियोत तिचे पदक एका फटक्याने हुकले आणि ती चौथी राहिली. विजय नव्हते याचा अर्थ खेळ संपला होता असा नाही, हे तिच्या उदाहरणातून कळते.

यश निसटते ते कशामुळे?

पहिले कारण म्हणजे फरकच बारीक असतो. फेरीमागे एक फटका वाढला तर चार दिवसांत चार फटके होतात. तेवढ्याने विजेत्याच्या जवळ असलेला खेळाडू बराच खाली जातो.

दुसरे कारण पातळी बदलण्याचे. नवे देश, वेगळे गवत, वेगळा वारा आणि आठवड्यामागून आठवडे प्रवास. घरच्या मैदानावर हातात बसलेला अंदाज तिथे चालत नाही.

तिसरे कारण खेळात केलेले बदल. जिंकल्यावर आणखी लांब फटका हवा म्हणून अनेक जण स्विंग बदलतात. न्यूझीलंडची लिडिया को १७व्या वर्षी जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. २०१६च्या अखेरीस तिने प्रशिक्षक, कॅडी आणि क्लब असे सगळेच बदलले. पुढच्या चार-साडेचार वर्षांत तिच्या वाट्याला एलपीजीएचे एकच विजेतेपद आले.

चौथे कारण अपेक्षांचे. पहिल्या वर्षी हरण्यासारखे काही नसते. दुसऱ्या वर्षी प्रायोजक, बातम्या आणि घरच्यांचा खर्च असे सगळे त्या एका पटच्या मागे उभे असते.

मग टिकतात कोण?

अक्षय भाटिया हा भारतीय वंशाचा अमेरिकी खेळाडू २०१९ मध्ये १७व्या वर्षी, महाविद्यालयात न जाता व्यावसायिक झाला. सुरुवातीला एकापाठोपाठ एक कट हुकले. तो खालच्या टूरवर गेला, २०२२ मध्ये तिथे जिंकला आणि मग २०२३ व २०२४ मध्ये पीजीए टूरवर विजयी झाला. लिडिया को २०२१ मध्ये पुन्हा जिंकू लागली. २०२४ मध्ये तिने पॅरिस ऑलिम्पिकचे सुवर्ण जिंकले आणि काही दिवसांतच ब्रिटिश ओपनही. एक पायरी खाली उतरण्याची तयारी आणि कोरडी वर्षे काढण्याइतका आधार, या दोन गोष्टी दोघांकडेही होत्या. आधार म्हणजे पैसाही आणि माणसेही.

विदर्भासाठी याचा अर्थ काय?

वडशात गोल्फचे मैदान नाही, पण प्रश्न इथलाही आहे. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये १९व्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. नागपूरचाच ओजस देवतळे २०२३ मध्ये कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेता झाला. त्यांचे पाहून चंद्रपूर, गडचिरोलीतले पालकही मुलांना मैदानावर पाठवू लागतील. मराठी वाचकाला विनोद कांबळीही आठवतो. १७ कसोटी, ५४ची सरासरी आणि शेवटची कसोटी वयाच्या २३व्या वर्षी.

म्हणून पहिल्या पदकानंतर पालकांनी विचारायचे प्रश्न साधे आहेत. पुढची दोन वर्षे एकही विजय मिळाला नाही तर खर्च कोण करणार? दुखापत झाली तर उपचार कुठे? शिक्षण सुरू आहे का? प्रशिक्षक बदलण्याचा सल्ला कोण देतो आहे आणि त्यात त्याचा फायदा काय?

कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यामागे एखादा गाजलेला हंगाम नव्हता. सुमारे ८०० नाटके आणि ५ हजार प्रयोग होते. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे वेगळे सांगायला नको. गोल्फच्या टूरवर मात्र दर वर्षी नवा ‘पुढचा टायगर’ शोधला जातो आणि आदल्या वर्षीचा कट हुकवून घरी परततो.