खेळामागील रचनाकार

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा व पंचगंगा या नद्यांचा संगम आहे. या संगमाच्या काठी नृसिंहवाडी हे प्रसिद्ध दत्तक्षेत्र वसलेले आहे. येथील घाटाच्या दगडी पायऱ्या नदीच्या पात्रात उतरत जातात. नदीचे पाणी थोडे चढले वा ओसरले, तरी कोणत्या ना कोणत्या पायरीवरून भाविकास त्याच्यापर्यंत पोहोचता येते. घाट बांधणाऱ्यांनी मनुष्याचे पाऊल व नदीचा स्वभाव या दोहोंचा विचार केला होता. वस्तू वापरणाऱ्यास कोणता अनुभव येईल हे आधीच ओळखून तिची घडण करणे, ही एक कलाच होय. आजचे मोबाईलवरील खेळही याच कलेने घडविले जातात.

असा खेळ पाहणाऱ्यास त्यातील रंग, चित्रे व आवाज तेवढे जाणवतात. त्यामागे मात्र पुष्कळ माणसांचे श्रम असतात. कोणी चित्रे काढतो, कोणी संगीत देतो, तर कोणी संगणकास समजतील अशा आज्ञा लिहितो. खेळाची आखणी करणाऱ्या रचनाकारापुढे दोन प्रश्न सतत उभे असतात. पहिला प्रश्न असा, की नवा खेळाडू सुरुवातीसच गोंधळून खेळ सोडून तर देणार नाही? आणि दुसरा असा, की आज खेळलेला मनुष्य उद्या पुन्हा येईल काय?

पहिल्या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर महाराष्ट्रातच मिळते. सोंगट्या व कवड्या घेऊन पचिसी खेळण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. या पचिसीवरूनच इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लुडो’ हा खेळ तयार झाला. पुढे २०१६ मध्ये नवी मुंबईच्या ‘गेमशन’ या कंपनीने ‘लुडो किंग’ या नावाने तो मोबाईलवर आणला. खेळाचे नियम आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक होते. त्यामुळे नव्याने शिकण्याचे फारसे काही उरले नाही. एकाच मोबाईलवर चौघांनी आळीपाळीने खेळावे, सोबती नसल्यास संगणकाशी खेळावे, अथवा दूरगावच्या आप्तास एक संकेतांक कळवून त्याला डावात बोलवावे, अशी सोय त्यात होती. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर अडकून पडलेली माणसे या पटाभोवती एकत्र आली. खेळाची खरी गोडी पुष्कळदा सोबत्यांत असते, हे रचनाकारांनी अचूक ओळखले होते.

दुसरी युक्ती पायऱ्यांची. खेळ फार सोपा असला तर कंटाळा येतो. फार अवघड असला तर मनुष्य निराश होतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक इत्यादिकांच्या मुलाखती घेऊन या विषयाचा अभ्यास केला व १९७५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. काम व कौशल्य यांचा मेळ बसला म्हणजे मनुष्य त्यात तल्लीन होतो, असे त्याला आढळून आले. म्हणूनच खेळाचे टप्पे हळूहळू अवघड होत जातात. एखाद्या टप्प्यावर पुष्कळ खेळाडू खेळ सोडतात असे नोंदींवरून दिसले, की रचनाकार ती पायरी थोडी सोपी करतात.

तिसरी युक्ती अनिश्चित बक्षिसाची. अमेरिकन शास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने कबुतरांवर प्रयोग केले. चोचीने कळ टोचली की कबुतरास दाणा मिळे. मात्र दाणा कधी दोन टोच्यांनी, तर कधी पन्नास टोच्यांनी मिळेल, असे केल्यावर कबुतर अधिकच वेगाने टोचत राहिले. दाणा येणे बंद झाल्यावरही ते लवकर थांबेना. हे निष्कर्ष त्याने चार्ल्स फर्स्टर याच्यासह १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मोबाईलच्या खेळात जी बंद पेटी उघडावी लागते, तिच्यात काय निघेल हे ठाऊक नसते. आशेने पेटीमागून पेटी उघडणारा बालक व कळ टोचणारे कबुतर यांच्यात येथे फारसे अंतर उरत नाही.

चौथी युक्ती परत बोलावण्याची. रोज हजेरी लावणाऱ्यास वाढते बक्षीस द्यायचे, आणि एक दिवस चुकला की साखळी तोडायची, ही रीत पुष्कळ खेळांत दिसते. २०१२ साली निघालेल्या ‘कँडी क्रश सागा’ या खेळात खेळाडूस पाच ‘जीव’ मिळतात. ते संपले की एक जीव परत येण्यास ३० मिनिटे लागतात. थांबण्याची तयारी नसेल, तर पैसे मोजून पुढे जाता येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फुकट मिळणारा खेळही कोणीतरी पैसे खर्चूनच बनविलेला असतो. तो खर्च जाहिरातींतून व खेळातील विक्रीतून भरून निघतो. मनुष्य जितका अधिक वेळ खेळेल, तितक्या अधिक जाहिराती त्याच्यापुढे येतात. अर्थात फुकटच्या खेळाचे मोल खेळाडू आपल्या वेळेने चुकवीत असतो. या मोलास मर्यादा राहिली नाही, तर अभ्यास, झोप व मैत्री या सर्वांची हानी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात ‘खेळविकारा’चा समावेश केला. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांहून त्यास अधिक महत्त्व देणे व हानी दिसत असूनही तो चालूच ठेवणे, ही त्याची लक्षणे होत.

म्हणून खेळ वाईट ठरत नाहीत. घाटाच्या पायऱ्या नदीकडे नेतात, तशाच त्या पुन्हा वरही आणतात. चांगल्या खेळाची परीक्षाही हीच आहे. जो खेळ आनंद देतो, बुद्धीला चालना देतो आणि डाव संपताच खेळाडूस सुखाने निरोप देतो, त्याचा रचनाकार खरा कलावंत होय. जो बाहेर पडण्याची वाटच लपवितो, त्याची हुशारी खेळाडूच्या हिताची नव्हे. कोणती युक्ती आनंदासाठी आहे व कोणती केवळ अडकविण्यासाठी आहे, हे ज्याला ओळखता येते, तो खेळ मनापासून खेळतो आणि योग्य वेळी तितक्याच सहजतेने खाली ठेवतो.