मंडळी म्हणजे माणसं

देऊळघाटच्या बचत गटाच्या आम्ही बाया आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी आमच्या गटातल्या एका ताईने आम्हाला बुलढाण्याला तिच्या चर्चमध्ये नेलं. आमच्यातल्या दोघी घरी न सांगता आल्या होत्या. "तिथं गेलं की बाटवतात," असं एकीच्या सासूबाईंचं ठाम मत. आम्ही मागच्या बाजूला दाराजवळच बसलो. म्हटलं, पटकन उठून जाता येईल.

तिथे पहिला शब्द शिकलो तो 'मंडळी'. आपल्याला वाटतं चर्च म्हणजे इमारत, वर क्रूस. पण मराठी ख्रिस्ती लोक 'आमची मंडळी' म्हणतात, तेव्हा जमलेल्या माणसांबद्दल बोलत असतात. इमारत पडली तरी मंडळी राहते. ताई म्हणाली, गटाचं कसं, खोली नसली तर आपण झाडाखाली बसतो, तसंच.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवण केलं, त्याची ही आठवण. भाकर मोडून सगळ्यांना देतात, द्राक्षरस देतात. हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, म्हणून आम्ही नुसतं पाहत बसलो, आणि कुणी आग्रहही केला नाही. नंतरचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र झालं. वाढणाऱ्या बाईने आडनाव विचारलं नाही. 'भाजी तिखट चालेल का?' एवढंच विचारलं.

ही साधी गोष्ट वाटते, पण आपल्या मुलखात कुणाच्या हातचं पाणी प्यायचं यावर पिढ्यान्पिढ्या भांडणं झाली. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काहींनी शाळेत थोडं वाचलं असेल. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं त्या दूर राहिल्या. मग नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं सोडलं नाही. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. पुढे स्वतः विचार करून, जात माणसाने केली असं पटल्यावर, त्यांनी ते सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आम्हाला यातली मधली वर्षं मोठी वाटतात. बाईला तिच्या वेगळ्या चुलीसकट घरात राहू देणं हेही स्वागतच की.

स्वागत म्हणजे नुसतं 'या, बसा' नव्हे, हे पाहायचं तर पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांसमोर गेलेली ही बाई. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा झाली, पदरात लहान मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाली. १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी ही बालविधवा. तिने १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. ती हिंदूच राहिली, 'बाया कर्वे' म्हणून आपण तिला ओळखतो.

पण त्याच साली वाद पेटला. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या होत्या. 'आम्ही शिकायला पाठवलं, धर्म बदलायला नाही,' असं म्हणत पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांनीही सल्लागारपद सोडलं. रमाबाई म्हणत, मी कुणाला ओढत नाही, पण माझं दार बंद करून प्रार्थना करणार नाही. आमच्यात यावर बरीच चर्चा झाली. आम्हाला दोन्ही बाजू समजतात. दुसऱ्याच्या आसऱ्याला असलेल्या पोरीला 'नाही' म्हणणं सोपं नसतं, म्हणून आसरा देणाऱ्याने दुप्पट जपावं लागतं.

१८९६ला मोठा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांची 'मुक्ती' वसली. काही वर्षांत तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. अंध मुलींसाठी 'बार्तीमी सदन' होतं. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिने त्यांना बोटांनी वाचायला शिकवलं. ज्यांना गावाने 'वाया गेलेली' म्हटलं, त्यांच्यासाठी 'कृपा सदन' होतं. आणि कुणालाही नुसतं बसवून खायला घातलं नाही. शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना होता. रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, त्याची अक्षरं तिथल्या बायकांनी जुळवली, छपाईही त्यांनीच केली. ते १९२४ साली निघालं. रमाबाई त्याआधी १९२२ला गेल्या होत्या.

आपल्या वऱ्हाडाचाही या गोष्टीशी धागा आहे. अकोल्याला राहून काम करणाऱ्या जेनी फुलर या मिशनरी बाईने हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते १९०० साली निघालं. त्याची प्रस्तावना रमाबाईंची.

आता आमचं सांगतो, लाज वाटते तरी. आमच्या गटात चहाला एक ताई बरीच वर्षं घरून स्वतःचा कप आणत होती. आम्ही कधी 'का?' विचारलं नाही. तिची सवय असेल, असं एकमेकींना सांगायचो. खरं काय ते प्रत्येकीला माहीत होतं. चर्चमधून परत येताना एसटीत कुणीच बोललं नाही. पुढच्या बैठकीत अध्यक्ष ताईंनी ट्रेमधला पहिला कप तिच्या हातात दिला आणि तिचा कप स्वतःकडे ठेवून घेतला. ती थोडा वेळ हातातला चहा बघत राहिली. मग म्हणाली, "साखर जास्त झाली बाई."

दुसरं प्रकरण अजून मिटलं नाही. नवऱ्याने टाकलेली एक पोर माहेरी आली आहे, गटात येऊ म्हणते. तिच्यामागे गावात बोलणं आहे. तिघी म्हणतात, 'गट भरला.' भरलेला नाही, रजिस्टर आमच्याकडेच आहे. आम्ही तिचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय. गुरुवारी बैठक आहे. ती यावी म्हणून आमच्यातल्या दोघी तिला घरून घेऊन येणार आहेत. दारातून एकटीने आत येणं किती जड असतं, ते आम्ही मागच्या ओळीत बसून पाहिलंय.