हातपाय गार का पडतात?

साल १९७६. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. गाव आताच्या जालना जिल्ह्यातलं देहेड, शिक्षण नागपूरच्या मेडिकलला, नाव हिंमतराव बावस्कर. मराठवाड्यातल्या पोराला विंचू काही नवा नव्हता. पण कोकणातल्या लाल विंचवानं त्याच्यापुढे जे मांडून ठेवलं, ते त्याच्या पुस्तकांत नव्हतं.

विंचू चावलेला माणूस यायचा तेव्हा शुद्धीवर असायचा, नीट बोलायचा. मात्र अंग घामानं निथळत असायचं, उलट्या थांबत नसायच्या, तोंडाला पाणी सुटलेलं असायचं आणि हातपाय गार पडलेले असायचे. काही तासांत धाप लागायची. मग तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि धडधाकट माणूस, बरेचदा एखादं लहान मूल, डोळ्यांदेखत जायचं. नांगीतून अंगात गेलेलं विष एका थेंबाहूनही कमी. एवढ्याशा विषानं फुफ्फुसात पाणी कसं भरतं?

गावात आधी विंचू उतरवणाऱ्याकडे धाव घेतली जायची आणि त्यात मोलाचे तास जायचे. दवाखान्यात तरी कुठे खात्रीचा इलाज होता? स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं, अ‍ॅट्रोपीन असं हाती असेल ते दिलं जायचं. माणसं मरतच होती.

डॉ. बावस्करांनी मग एकच गोष्ट नेटानं केली. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांची ऊब, सगळं रात्ररात्र टिपत राहिले. त्या टिपणांतून हळूहळू एक क्रम दिसू लागला. आधी उलट्या, घाम, लाळ. मग गार हातपाय, चढलेला रक्तदाब आणि धावणारी नाडी. शेवटी फुफ्फुसात पाणी. आणखी एक गोष्ट लक्षात आली. वेदनेनं आकांत करणारे रुग्ण बहुधा वाचत होते. ज्यांना डंखाच्या जागी फारशी कळ नव्हती पण हातपाय गार पडले होते, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवायला हवं होतं. मृत्यूच्या आधी शरीर इशारा देत होतं. हे इशारे त्यांनी १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

आता खरा प्रश्न होता तो कारणाचा. त्याचं उत्तर मज्जातंतूंत दडलेलं होतं.

मज्जातंतूतून निरोप जातो तो विजेच्या लहरीच्या रूपानं. तंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. निरोप आला की ती उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात आणि क्षणार्धात, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, दारं पुन्हा मिटतात. विंचवाच्या विषातली प्रथिनं नेमकी या दारांना चिकटतात आणि ती मिटू देत नाहीत. मग तंतू थांबायचं विसरतो. निरोपामागून निरोप सुटत राहतात.

यात सर्वांत जास्त होरपळते ती स्वायत्त मज्जासंस्था. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, घाम, लाळ ही आपल्या इच्छेबाहेरची कामं ती सांभाळते. तिच्या दोन शाखा आहेत. एक शांतवणारी, दुसरी संकटात शरीराला सज्ज करणारी. विषामुळे आधी पहिली खवळते, म्हणून उलट्या आणि लाळ. पाठोपाठ दुसरी पेटते. अ‍ॅड्रिनलीन आणि नॉरअ‍ॅड्रिनलीन ही संप्रेरकं रक्तात बेसुमार उतरतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर त्यांचा निरोप झेलणारे अल्फा नावाचे रिसेप्टर असतात. ते चेतले की वाहिन्या आवळल्या जातात. हातापायांकडे रक्त पोचेनासं होतं. हातपाय गार का पडतात, त्याचं हे उत्तर.

आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं, त्यातलं पाणी श्वासाच्या पिशव्यांत झिरपतं आणि गुलाबी फेस होऊन तोंडावाटे येतं. म्हणजे विष स्वतः माणसाला मारत नव्हतं. जीव वाचवण्यासाठी शरीरात जी यंत्रणा आहे, तिलाच ते बेभान करत होतं. अ‍ॅट्रोपीन का बाधत होतं, हेही आता उलगडलं. ते शांतवणाऱ्या शाखेला गप्प करत होतं आणि पेटलेल्या शाखेला रान मोकळं मिळत होतं.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून एम.डी. होऊन डॉ. बावस्कर शहरात थांबले नाहीत, पुन्हा कोकणात आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या, ही दिशा आता पक्की होती. पहिलं हत्यार होतं सोडियम नायट्रोप्रुसाइड. शिरेतून थेंबाथेंबानं द्यायचं हे जहाल औषध. थेंब जास्त गेले तर रक्तदाब कोसळणार, म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं. बाटली उजेडापासून झाकायची. एरवी हातचे जाणारे रुग्ण त्यानं परत मिळू लागले. पण जिथे एकच डॉक्टर आणि वीज बेभरवशाची, तिथे हा इलाज कितीजणांना पुरणार?

मग त्यांनी प्राझोसिन निवडलं. रक्तदाबावरची ही साधी, स्वस्त गोळी नेमक्या त्या अल्फा रिसेप्टरांनाच अडवते. रक्तात अ‍ॅड्रिनलीन कितीही असो, वाहिन्यांना त्याचा हुकूम ऐकू जात नाही. गोळी द्यायची, रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण उठून बसला तर रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि हातपाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत ठरावीक अंतरानं मात्रा देत राहायचं. इलाज लागू पडला की नाही हे डॉक्टरच्या तळहातालाच कळतं. त्याला यंत्र लागत नाही. १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा इलाज ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवला. पूर्वी ज्या दंशात शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत, तिथे वेळेत उपचार मिळालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

शोध तिथेही थांबला नाही. पुढे विंचवाचं विष निकामी करणारी प्रतिलस आली. महाडला ७० रुग्णांवर त्यांनी केलेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिलस दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्राझोसिनवर असलेल्या ३५ पैकी ८ जण. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. याच लाल विंचवाच्या विषातलं आयबेरिओटॉक्सिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींच्या पोटॅशियम मार्गांचा अभ्यास करायला वापरतात.

ही शोधकथा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात वाचली जावी असं मला मनापासून वाटतं. मांजरा जिथे उगम पावते तो हा बालाघाटाचा खडकाळ मुलूख. दगडमातीची माळवदाची घरं, कडब्याची गंजी, सरपण, गोवऱ्यांचा ढीग. या सगळ्या विंचवाच्या आवडत्या जागा. दसरा-दिवाळीनंतर इथली कितीतरी माणसं लेकराबाळांसह ऊसतोडीला जातात, फडाशेजारच्या कोपीत भुईवर झोपतात. बावस्करांनी खाटेशी बसून मिळवलेलं ज्ञान या कोपीपर्यंत पोचलं, तरच त्या जागरणांचं चीज झालं.

म्हणून चार गोष्टी घराघरात सांगा. विंचू चावला की उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका, जखम कापू नका, चोखू नका. कळ कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसले, की रात्र असो वा पाऊस, १०८ ला फोन करा आणि मिळेल त्या वाहनानं सरकारी दवाखाना गाठा; लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांचीही वाट पाहू नका. आणि सरपंचांनी, आशाताईंनी, मुकादमांनी जवळच्या दवाखान्यात प्राझोसिन आणि प्रतिलस शिल्लक आहे का, हे आधीच विचारून ठेवावं.