रेघांनी आखलेला मुलूख

गाव आधी वसते आणि शीव मागाहून ठरते, असा आपला अनुभव. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील ग्रामीण पालिकांची कथा मात्र नेमकी उलटी आहे. क्री आदी मूळ रहिवाशांच्या त्या विस्तीर्ण तृणप्रदेशाची सरकारी मोजणी 1871 साली सुरू झाली आणि सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखले गेले. 1872 च्या कायद्याने नव्या वसाहतकऱ्यास दहा डॉलर भरून 160 एकर जमीन मिळू लागली.

असे नऊ चौकोन मिळून साधारणतः एक पालिका होते. क्षेत्र 324 चौरस मैल. तिच्या हद्दीतील गावे व शहरे स्वतंत्र असतात. तिच्याकडे उरतात शेते आणि विखुरलेली घरे. बहुधा सहा विभागांतून प्रत्येकी एक सभासद निवडला जातो. सर्व मतदार मिळून निवडतात तो ‘रीव्ह’, म्हणजे आपल्या परिभाषेत सरपंच. जमिनीवरील कर हे उत्पन्नाचे मुख्य साधन, रस्ते ही खर्चाची मुख्य बाब.

यंत्रे आली, शेते वाढली. 2021 च्या कृषिगणनेत सरासरी शेत 1,700 एकरांहून मोठे भरले. मूळच्या हिशेबाने दहा कुटुंबांची जमीन आज एकाच्या हाती आहे. काही पालिकांत दोनशे माणसेही नाहीत. परंतु माणसे घटली म्हणून रस्त्याची लांबी घटत नाही. खडी टाकावी लागते, बर्फ हटवावे लागते. शेवटच्या घराचा रस्ता किती काळ राखावा, हा प्रश्न सभेपुढे येतो, तेव्हा त्या घरचा माणूस बहुधा सर्वांच्या ओळखीचा असतो. लहान स्वराज्याचे बळ तेथेच, आणि कसोटीही तेथेच.