न उघडणारी हिशेबाची फाइल : निदान, दुरुस्ती व पडताळणी

कागदी वही हरवली, भिजली किंवा वाळवीने खाल्ली, तर झालेली हानी डोळ्यांना दिसते. संगणकातील हिशेबाचे तसे नाही. काल सायंकाळपर्यंत बिनतक्रार चालणारी प्रणाली आज सकाळी कंपनीची फाइल उघडण्यास नकार देते. आणि हिशेब नष्ट झाला आहे, की तो जागच्या जागी असून केवळ त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट बंद झाली आहे, हे त्या नकारावरून कळत नाही. या दोन अवस्थांत महदंतर आहे. पहिलीवरील उपाय दुसरीवर केल्यास सुस्थितीतील हिशेबही बिघडण्याचा संभव असतो. म्हणून अशा प्रसंगी दुरुस्तीपूर्वी निदान आणि दुरुस्तीनंतर पडताळणी आवश्यक ठरते.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आले आहे. २००६ च्या वन हक्क अधिनियमानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक तेथील ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही २०१२ साली असाच हक्क प्राप्त झाला. पुढे अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. विक्रीबरोबर जमाखर्च आला, लेखापरीक्षण आले, आणि संकलन करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याचे देणे चुकते करण्याची जबाबदारीही आली. अशा संस्थेचा हिशेब ऐन हंगामात अडला, तर अडचण केवळ लेखनिकाची राहत नाही.

१. फाइलचे अंतरंग

पारंपरिक पद्धतीत व्यवहार प्रथम पावतीवर, मग रोजकीर्दीत आणि तेथून खतावणीत जातो. खतावणीवरून तेरीज व तेरजेवरून ताळेबंद तयार होतो. १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली याने आपल्या छापील ग्रंथात विशद केलेली द्विनोंदी पद्धती याच क्रमावर उभी आहे. संगणकप्रणालीत हा क्रम नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. लेखनिक एक पावती भरतो. प्रणाली त्याच क्षणी कीर्द, खाते व शिल्लक या तिन्ही ठिकाणी आवश्यक त्या नोंदी करते. शिवाय कोणती नोंद कोठे ठेवली आहे याची एक अनुक्रमणिकाही ती राखते.

भारतात सर्वत्र आढळणाऱ्या टॅली या प्रणालीचे उदाहरण घेता येईल. १९८६ साली बेंगळुरू येथे श्यामसुंदर गोएंका व भरत गोएंका यांनी आरंभिलेल्या उद्योगातून ती निर्माण झाली. तिच्यात कंपनीचा हिशेब एकाच फाइलीत नसतो. प्रत्येक कंपनीसाठी आकडी नावाचे एक फोल्डर असते आणि त्यात मूळ माहिती, व्यवहार व त्यांचे परस्परसंबंध यांच्या निरनिराळ्या फाइली असतात. क्विकबुक्स या अमेरिकन प्रणालीत याउलट एक मुख्य कंपनी फाइल असून तिच्याशेजारी साहाय्यक फाइली असतात. त्यांपैकी एक संगणकांच्या जाळ्यातील जोडणीची माहिती ठेवते. ती बिघडली तर बाजूला काढता येते व प्रणाली नवी तयार करते. दुसरीत मागील सुरक्षाप्रतीनंतरचे व्यवहार नोंदलेले असतात. ती मात्र जपून ठेवावी लागते. एकाच ठिकाणी शेजारी शेजारी असलेल्या फाइलींचे मोल सारखे नसते, हे यावरून ध्यानात येईल.

२. नकाराचे चार प्रकार

फाइल न उघडण्याची कारणे बाह्यतः असंख्य भासली, तरी त्यांची चार वर्गांत विभागणी करता येते.

पहिला वर्ग मार्गभ्रंशाचा. फाइल सुरक्षित असते. प्रणाली मात्र तिला भलत्याच जागी शोधत असते. संगणक बदलला, विंडोज नव्याने बसविले, फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलविले किंवा पेनड्राइव्हला निराळे अक्षर मिळाले, की कंपन्यांची यादी रिकामी दिसू लागते. यादी रिकामी असणे म्हणजे हिशेब रिकामा असणे नव्हे. अशा वेळी त्याच नावाची नवी कंपनी निर्माण करण्याचा मोह आवरला पाहिजे. अन्यथा एकाच नावाचे दोन हिशेब होऊन पुढील गोंधळ अधिक वाढतो.

दुसरा वर्ग अटकावाचा. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडी असते, प्रणाली बंद करूनही पार्श्वभूमीवर चालू राहिलेली असते, वापरणाऱ्यास त्या फोल्डरात लिहिण्याची अनुज्ञा नसते, अथवा विषाणुरोधक प्रणालीने एखादी फाइल संशयावरून अलग ठेवलेली असते. येथेही हिशेबाला धक्का लागलेला नसतो.

तिसरा वर्ग आवृत्तीचा व किल्लीचा. नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेली फाइल जुनी आवृत्ती वाचू शकत नाही. टॅलीच्या ईआरपी ९ या आवृत्तीतील फाइलींच्या नावाअखेर ९०० हा आकडा असतो, तर टॅलीप्राइमच्या अलीकडील आवृत्त्यांत १८०० हा असतो. त्यावरून फाइल कोणत्या काळची हे ओळखता येते. टॅलीव्हॉल्ट नावाच्या सोयीने कंपनी कुलूपबंद केली असेल, तर यादीत नावाच्या जागी केवळ तारकाचिन्हे दिसतात. तिचा परवलीचा शब्द विसरल्यास तो परत मिळविण्याची सोय नाही. ज्या संस्थेत पदाधिकारी बदलत असतात, तेथे हा शब्द एकाच व्यक्तीच्या स्मरणावर सोपविणे धोक्याचे होय.

चौथा वर्ग प्रत्यक्ष क्षतीचा. एका पावतीसाठी प्रणालीला अनेक फाइलींत लिहावे लागते. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली, पेनड्राइव्ह काढली गेली किंवा जाळ्याची जोडणी तुटली, तर एका फाइलीत नोंद पोचते व दुसरीत पोचत नाही. पुढच्या वेळी दोहोंत विसंगती आढळताच प्रणाली थांबते. तबकडीचा भाग निकामी होणे, जागा संपून फाइल अर्धवट राहणे किंवा तिचा आकार शून्य होणे, हेही याच वर्गात येते. फाइलींच्या नावांना अनोळखी शेपटे जोडली जाऊन खंडणीची मागणी करणारा मजकूर दिसला, तर तो प्रकार खंडणीखोर विषाणूचा असतो. तेव्हा तो संगणक तत्काळ जाळ्यापासून तोडावा व सुरक्षाप्रत असलेले साधन त्याला जोडू नये.

३. निदानाचा क्रम

प्रथम पडद्यावरील संदेश अक्षरशः उतरून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. वेळ आणि शेवटी भरलेली पावती यांचीही नोंद करावी. नंतर सर्व संगणकांवरील प्रणाली बंद करून संपूर्ण फोल्डराची प्रत निराळ्या साधनावर घ्यावी. फाइल बिघडलेली असली तरीही ही प्रत घ्यावी, कारण बिघडलेल्या फाइलीतही बहुतांश नोंदी शाबूत असू शकतात. यापुढील सर्व प्रयोग प्रतीवर करावे. मूळ फोल्डराला हात लावू नये.

यानंतर अदलाबदलीची कसोटी घ्यावी. त्याच संगणकावर दुसरी एखादी कंपनी उघडून पाहावी; नसल्यास एक रिकामी नमुना कंपनी तयार करावी, तिला मूळ संस्थेचे नाव मात्र देऊ नये. ती उघडली, तर प्रणाली बहुधा ठीक आहे. मग अडलेल्या कंपनीची प्रत, तीच आवृत्ती असलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. तेथे उघडली, तर फाइलीत दोष नसून पहिल्या संगणकावरील मार्ग, अनुज्ञा किंवा अटकाव यांत तो आहे. पहिल्या संगणकावर नमुना कंपनी उघडते आणि अडलेली कंपनी मात्र कोठेच उघडत नाही, असे आढळले तरच आवृत्ती, किल्ली किंवा क्षती यांचा विचार करावा. या दोन साध्या प्रयोगांनी शोधाचे क्षेत्र पुष्कळच आखूड होते. नकार मिळताच थेट दुरुस्तीची आज्ञा देणारा मनुष्य या पायऱ्या वगळतो आणि नसलेल्या रोगावर औषध देऊन बसतो.

४. दुरुस्ती आणि तिची मर्यादा

क्षती निश्चित झाल्यावर दोन मार्ग राहतात. पहिला दुरुस्तीचा. ईआरपी ९ मध्ये कंट्रोल, ऑल्ट व आर या कळा एकत्र दाबून माहितीचे पुनर्लेखन करता येत असे. टॅलीप्राइममध्ये दुरुस्तीची आज्ञा माहितीविषयक सूचीत आहे. अशा आज्ञेने प्रणाली उपलब्ध नोंदी वाचून त्यांची मांडणी पुन्हा करते. दुसरा मार्ग शेवटची सुरक्षाप्रत पुनःस्थापित करून त्यानंतरच्या पावत्या हाताने भरण्याचा. ही प्रत नव्या फोल्डरात उतरवावी; चालू फोल्डरावर उतरवल्यास तेथील अलीकडील नोंदी पुसल्या जातात.

दुरुस्तीनंतर कंपनी उघडली, तेरीज जुळली, की काम संपले असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज घातक आहे. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक पावतीची नावे व जमा रक्कम समान असते. म्हणून दुरुस्तीत एखादी पावती समूळ गळाली, तर दोन्ही बाजूंनी सारखीच रक्कम कमी होते आणि तेरीज पूर्ववत जुळते. तेरजेचे जुळणे हे हिशेबाच्या संतुलनाचे प्रमाण आहे, संपूर्णतेचे नव्हे.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. तेंदूपानांचे संकलन उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन आठवडे चालते; संकलकांनी फळीवर आणलेले पुडे रोज मोजून नोंदले जातात. समजा, १८ मे रोजी सात संकलकांना मिळून १४,००० रुपये रोख दिले व त्याची पावती दुरुस्तीत गळाली. तेरीज जुळेल, परंतु कीर्दीतील रोख शिल्लक पेटीतील रकमेपेक्षा १४,००० रुपयांनी अधिक दिसेल आणि चूक सापडेल. आता समजा, रक्कम अद्याप दिलेली नव्हती. मजुरी नावे व संकलकांचे देणे जमा, एवढीच नोंद होती. ती गळाली, तर रोख शिल्लक जुळेल, बँकेचे पासबुक जुळेल, तेरीजही जुळेल. नाहीसे झालेले असेल ते केवळ त्या सात जणांचे येणे. संगणकातील कोणतीही बेरीज ही उणीव दाखवू शकणार नाही. ती दाखवील फळीवरील नोंदवही.

याकरिता दुरुस्तीनंतरची पडताळणी प्रणालीबाहेरील पुराव्याशी करावी लागते. रोख शिल्लक पेटीशी, बँकेचे खाते पासबुकाशी, विक्री वाहतूक परवान्यांच्या स्थळप्रतींशी आणि देणी फळीवरील नोंदवहीशी ताडून पाहावी. पावत्यांची संख्या तारीखवार मोजावी. प्रणालीने आपोआप दिलेल्या क्रमांकांवर विसंबू नये. मधली नोंद गेल्यावर ते पुन्हा सलग होऊ शकतात. छापील पावतीपुस्तकाचा क्रमांक प्रत्येक नोंदीत संदर्भ म्हणून लिहिण्याची सवय असेल, तर गळालेली पावती त्या क्रमातील खंडावरून सापडते.

५. प्रतिबंध

कंपनी कायद्याखालील नियमांत २०२२ साली दुरुस्ती होऊन संगणकीय हिशेबाची सुरक्षाप्रत भारतातील साधनावर रोजच्या रोज ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आले. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणारीच प्रणाली वापरणे त्यांना अनिवार्य झाले. ग्रामसभा किंवा लहान संस्था कंपनी नसते, त्यामुळे हे नियम तिला लागू होत नाहीत. परंतु त्यामागील तत्त्व तिनेही अंगीकारण्याजोगे आहे.

दुर्गम भागात ते अंगीकारण्याची रीत परिस्थितीस अनुरूप असली पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी केवळ इंटरनेटवरील सुरक्षाप्रतीची भिस्त धरता येत नाही. दोन साधनांवर आळीपाळीने प्रती घ्याव्या व त्यांपैकी एक संगणकापासून दूर, दुसऱ्या घरी ठेवावी. विजेचा खंड सोसणारे बॅटरीचे साधन संगणकास जोडावे. हिशेबाचे चालू फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवू नये. महिन्यातून एकदा सुरक्षाप्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात समितीच्या ताब्यात असावा. प्रत्येक महिन्याची कीर्द व तेरीज छापून त्यांवर सह्या घ्याव्या.

या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात सांगता येईल. अनुक्रमणिका बिघडली तर ती नोंदींवरून पुन्हा तयार होते. खतावणी गेली तर ती कीर्दीवरून उभी राहते आणि कीर्द गेली तर ती पावत्यांवरून लिहिता येते. पावती व फळीवरील नोंद मात्र दुसऱ्या कशावरूनही निर्माण करता येत नाही. म्हणून संगणक आल्यानंतरही पावतीपुस्तक जपण्याचे कारण उरतेच. फाइल उघडली की लेखनिकाची काळजी मिटते. परंतु संकलकाचे येणे सुरक्षित आहे की नाही, हे ती फाइल त्या जुन्या नोंदवहीशेजारी ठेवून पाहिल्यावरच सांगता येते.